तीस पैशांची ग्रिप

रविवार. पहाटेचे पावणेसहा. चांदणी चौकाच्या थोडं पुढे, भूगावच्या बाजूला एक चहाची टपरी. जून संपत आलाय. पाऊस आत्ता थांबलाय, पण रस्ता ओला आहे. टपरीसमोर चौदा बाईक्स ओळीनं उभ्या आहेत आणि त्यांचे मालक... खाली वाकलेत! एकमेकांच्या मागच्या चाकाशी. कुणी मोबाइलचा टॉर्च मारतंय, कुणी रबरावरून अंगठा फिरवतंय, कुणी नुसतीच गंभीर चेहऱ्यानं मान हलवतंय. लांबून बघणाऱ्याला वाटेल, यांचं काहीतरी हरवलंय.

'किती झाले?'

'नऊ.'

'नऊ? आणि ही अवस्था?'

'मागच्या महिन्यात गोवा मारलं ना. फुल लोड घेऊन.'

'मग ठीके.'

नऊ म्हणजे नऊ हजार किलोमीटर. आमच्या ग्रुपमध्ये 'काय म्हणतोस, कसा आहेस' ही चौकशी नंतर होते. आधी टायर. आठवडाभर हिंजवडीत कोड लिहिणारे दोघं-तिघं, एक सीए, एक डेंटिस्ट, एक बँकवाली आणि मी. एरवी आमचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. बँकवालीचं लग्न ठरल्याचं मला पत्रिका हातात पडल्यावर कळलं होतं. पण तिचा पुढचा टायर कधी बदललाय, ते मला आठवड्यासकट माहीत होतं!

या मंडळींमध्ये दोन पार्ट्या आहेत. ग्रिपवाले आणि किलोमीटरवाले. ग्रिपवाल्यांचं म्हणणं, टायर रस्त्याला चिकटला पाहिजे, मग भले तो दहा हजारांत संपो. किलोमीटरवाल्यांचं म्हणणं, अरे बाबा, आम्ही रोज ऑफिसला जातो, रेसला नाही. भांडण जुनं आहे. २०१३ मध्ये ड्यूक ३९० आपल्याकडे आली ती मेट्झेलरचे टायर घालून. अख्खी गाडी चाकणला बनलेली, पण पायात जर्मन नावाचे बूट! वळणात काय धरायचा तो टायर, याच्या कहाण्या अजून ऐकायला मिळतात. आणि किती लवकर संपला, याच्याही. दोन्ही कहाण्या सांगणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो.

फंडा साधा आहे. रबर मऊ असेल तर रस्त्याच्या खडबडीत दाण्यांमध्ये घुसतं, धरून ठेवतं आणि प्रत्येक वेळी स्वतःचा थोडा भाग तिथेच सोडून येतं. कडक असेल तर टिकतं, पण घुसत नाही. म्हणजे ग्रिप आणि आयुष्य एकाच खिशातून खर्च होतं. यातून वाट काढायला कंपन्यांनी मधे कडक आणि कडांना मऊ असे टायर काढले. सरळ जाताना मधला पट्टा झिजतो, वळताना कडा कामाला येतात. पुण्यात मात्र यातही गंमत होते. वाकड ते हिंजवडी, पाच दिवस, सरळ रेषेत, फर्स्ट-सेकंड गिअरमध्ये. वर सिमेंटचा रस्ता आणि मे महिन्याचं ऊन. वर्षभरात मागचा टायर मधून सपाट होऊन चौकोनी होतो. मग तीच गाडी रविवारी घाटात घातली की वळताना सपाट भागावरून कडेवर जाताना एक धक्का बसतो. गाडी एकदम आत पडल्यासारखी वाटते. आमच्यातल्या एकाला वर्षभर वाटत होतं की गाडीची चासी वाकली आहे. दोन गॅरेजं झाली, एक शोरूम झाली. शेवटी मागचा टायर बदलला आणि चासी आपोआप सरळ झाली!

त्या पहाटे सीएनं बोलता बोलता पेपर नॅपकिनवर हिशोब मांडला. मऊ टायर समजा ८ हजारांचा आणि चालला १० हजार. म्हणजे किलोमीटरला ८० पैसे. कडक टायर तेवढ्याच किमतीचा, चालला १६ हजार. ५० पैसे. फरक किती? किलोमीटरला ३० पैसे. 'पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. तुझी गाडी देते पंचवीस-सत्तावीस. म्हणजे किलोमीटरला चार रुपये तू तसेही जाळतेस. आणि भांडतेस कशावर, तर तीस पैशांवर!' इथून ताम्हिणी, जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धरा. साडेसदतीस रुपये. पौडला मिसळीला याच्यापेक्षा जास्त पडतात.

मी नॅपकिन घडी करून जॅकेटच्या खिशात टाकला. या साडेसदतीस रुपयांशी माझं जरा वैयक्तिक आहे. पण आधी निघू या, नाहीतर घाटात गर्दी होते.

पुणे ते ताम्हिणी हा रस्ता म्हणजे टायरची प्रॅक्टिकल परीक्षा. सुरुवातीला भूगाव, भुकूम. मंगल कार्यालयं, फ्लेक्स, ट्रॅफिक आणि ट्रकमधून सांडलेली बारीक खडी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला ती रांगोळीसारखी पसरलेली असते. कुठलाही टायर, कितीही महागाचा, खडीवर काहीही करू शकत नाही. मग पिरंगुट, तिथला छोटा घाट आणि उतार. इथे डिझेल. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्य दिसलं की कवी होऊ नका, थ्रॉटल सोडा. पहिल्या पावसात तर वर्षभराचं तेल आणि रबर वर येऊन तरंगतं. दोन-चार सरी जोरात पडून रस्ता धुतला गेला की मग जरा बरं.

पौडच्या पुढे एकदम हिरवं होतं. मुळशीचं पाणी उजवीकडे दिसायला लागतं आणि सगळे आपोआप सावकाश होतात. हे टाटांचं धरण. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या बरोबरीनं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. गावं बुडाली. आता त्या पाण्यासमोर आम्ही हेल्मेट काढून सेल्फी घेतो आणि मक्याची कणसं खातो. मला तिथे दर वेळी किंचित चोरट्यासारखं होतं. पण कणीस मी खातेच.

पाण्याकाठचा हा थांबा म्हणजे आमचं विद्यापीठ. गेल्या महिन्यात नवीन आलेल्या एका मुलानं सांगितलं, 'मी पावसात हवा पाच पॉइंट कमी ठेवतो. जास्त रबर टेकतं, जास्त ग्रिप.' हे यूट्यूबवर कुठल्यातरी ट्रॅकच्या व्हिडिओत बघितलेलं. ट्रॅकवर टायर इतका तापतो की आतली हवा फुगून प्रेशर वर जातं, म्हणून थंड असताना कमी ठेवतात. मुळशीच्या पावसात टायर तापणारच नाहीये! उलट हवा कमी असली की टायर दबतो, नक्षीतल्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकायला वाटच उरत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढी हवा, सकाळी, टायर गार असताना. माझ्या गाडीला एकटीला पुढे-मागे २९. हे साधं वाटतं, पण पेट्रोल पंपावरच्या पोराला सांगून बघा. त्याच्या हातात नळी आली की ३५. 'बाईक आहे ना मॅडम, जास्तच बरी असते.' मी आता स्वतःचा प्रेशर गेज बाळगते. पर्समध्ये. लिपस्टिकच्या शेजारी.

दुसरा गैरसमज त्याहून महागाचा. सगळ्यात चिकट, रेसवाला टायर घेतला की पावसातही सगळ्यात जास्त धरेल. नाही धरणार. त्या रबराला काम करायला उष्णता लागते. सरळ रस्त्यावर तुम्ही साठनं जाताय, वरून गार पाणी पडतंय, तर ते रबर झोपलेलंच राहतं. अशा हवेत सिलिका जास्त असलेले टायर बरे. टायर काळा होतो तो कार्बन ब्लॅकमुळे. त्यात सिलिका मिसळली की रबर गार आणि ओल्या रस्त्यावरही लवचिक राहतं. म्हणून आमच्या डेंटिस्टनं हौसेनं घातलेला ट्रॅकवाला महाग टायर जुलैत बँकवालीच्या साध्या टूरिंग टायरपुढे वळणावळणाला मागे पडतो. डेंटिस्ट हे मान्य करत नाही. तो म्हणतो, मी व्ह्यू बघत होतो.

तशी चिकन स्ट्रिप्सचीही एक भानगड आहे. टायरच्या अगदी कडेला जो पट्टा रस्त्याला लागतच नाही, नवाकोरा राहतो, तो म्हणजे चिकन स्ट्रिप. तुम्ही गाडी किती झोपवता, त्याचं सर्टिफिकेट. जितका रुंद पट्टा तितके तुम्ही घाबरट. टपरीवर मुलं हा पट्टा बोटांनी मोजतात. एकानं म्हणे घरी पॉलिश पेपरनं घासून काढला होता! मला विचाराल तर ताम्हिणीत तो पट्टा राहिलेलाच बरा. वळणापलीकडून एसटी येते ती रस्त्याच्या मधूनच येते आणि ती तुमची चिकन स्ट्रिप मोजत नाही.

ताम्हिणी गाव ओलांडलं की घाट खरा सुरू होतो. धुकं, डोंगरावरून रस्त्यावर उतरणारं पाणी, झाडांचा बोगदा. इथला पाऊस म्हणजे चेष्टा नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या वर पडला होता. सावलीतल्या वळणांवर ऊन महिनोन् महिने पोचत नाही आणि रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. डांबराच्याच रंगाचं. अशाच एका डाव्या वळणावर आमचा ग्रुप न सांगता हळू होतो. माझ्यासाठी. गेल्या ऑगस्टपासूनची ही पद्धत आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

तर ते साडेसदतीस रुपये.

२०२३ च्या शेवटी मी सेकंडहँड ड्यूक घेतली. २०१८ ची. मालक अमेरिकेला गेलेला, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. पाच वर्षांत फक्त तीन हजार किलोमीटर! मला लॉटरी लागल्यासारखं झालं. टायर कंपनीतून आलेलेच होते आणि नक्षी इतकी शाबूत की नख आत जाईल. त्यावर मी आणखी साडेतीन हजार चालवली. पावसाळ्याच्या तोंडावर पंक्चर काढायला नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीचं काहीही हवं असलं की नाना पेठ. तिथल्या एका टायरवाल्या काकांनी पंक्चर काढलं, मग टायरच्या कडेला एका छोट्या लंबगोलावर बोट ठेवलं. चार आकडे. २२१८.

'हे काय माहितीये का ताई? दोन हजार अठराचा बाविसावा आठवडा. तेव्हा बनलाय हा.'

'पण काका, नक्षी आहे की अजून.'

'नक्षीचं काय घेऊन बसलात?' त्यांनी अंगठ्याचं नख रबरात दाबलं. मग शेजारी टांगलेल्या नव्या टायरमध्ये दाबलं. नव्यात चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. माझ्या टायरवर काहीच उमटलं नाही. 'दगड झालाय. उन्हानं, हवेनं, नुसतं उभं राहून. घाटात जाता का?'

'कधीतरी.'

'मग बदला.'

पाच वर्षांनंतर टायर नीट तपासत जा, असं टायर कंपन्याच सांगतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. काकांनी दहा मिनिटं उभं राहून सांगितलं होतं. मागचा टायर आठ हजार. एका ठिकाणचे माझे तीन लेखांचे पैसे अडकले होते, भाडं पाच तारखेला. मी म्हटलं, दिवाळीला बघू. नक्षी आहे की.

ऑगस्टमध्ये माझी रूममेट म्हणाली, मलाही ने ना एकदा. ड्यूकची मागची सीट म्हणजे विटेवर बसायचा प्रकार, पण ती बसली. पौडला मिसळ, मुळशीला कणीस, सगळं रीतसर. ताम्हिणीच्या पुढे ते डावं वळण. स्पीड चाळीससुद्धा नसेल. वळणातून बाहेर पडताना मी थ्रॉटल जरासा, अगदी जरासाच, लवकर दिला आणि मागचं चाक खालून कुणी काढून घ्यावं तसं गेलं. आवाज नाही, काही नाही. एबीएस होतं, पण मी ब्रेक मारलाच नव्हता. आणि टायरला ग्रिपच नसेल, तर ती एबीएस तरी कुठून आणणार? मी जॅकेट-ग्लोव्ह्ज घातलेली, घसरत गेले आणि उठून उभी राहिले. तिच्या हातात ग्लोव्ह्ज नव्हते. एक्स्ट्रा पेअर घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती उजव्या हातावर पडली.

मनगट. दोन ठिकाणी फ्रॅक्चर. एका जीपवाल्यानं पौडला आणून सोडलं, तिथून पुण्यात. प्लास्टर घालायच्या आधी आम्ही दोघी बाकावर बसून होतो. मी बडबडत होते. शेवाळ कसं दिसलं नाही, टायर जुना होता, काका म्हणालेच होते... तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघितलं.

'तुला माहीत होतं?'

मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. त्या सहा आठवड्यांत मी तिचे कपडे धुतले, वेण्या घातल्या, तिच्या ऑफिसच्या मेल टाइप केल्या. ती छान वागली. फक्त त्या विषयावर परत एक शब्द नाही. प्लास्टर निघाल्यावरही ती रिक्षानं जायची, बसनं जायची. माझ्या मागे बसली नाही.

मागचा टायर मी दुसऱ्याच आठवड्यात बदलला. पुढचा जानेवारीत. आजकाल ड्यूकच्या मापाचे रेडियल एमआरएफ, अपोलो, टीव्हीएस यूरोग्रिप, सगळ्यांकडे मिळतात, फक्त परदेशी नावासाठी अडून बसायची गरज नाही. मी दुकानात चढले ती पाठ करून. १५०/६० आर १७, ६६ एच. म्हणजे रुंदी १५० मिलिमीटर, उंची रुंदीच्या साठ टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ इंची रिम, ६६ म्हणजे तीनशे किलो वजन झेपेल, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत चालेल. काकांनी आतून टायर काढून आणला. मी आधी तारीख बघितली. ते हसले. 'आता कळतंय ताईंना.' मग म्हणाले, पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सांभाळून, नवीन रबरावर एक गुळगुळीत थर असतो, तो निघू द्या. घरी येईपर्यंत मी सायकल चालवावी तशी आले.

बदललेला टायर कसा वाटतो? खरं सांगू, पहिल्या दिवशी वाईट वाटतं. गाडी हलकी होते, हँडल आपोआप आत वळतं, आपल्याला चालवता येत नाही असं वाटायला लागतं. मग लक्षात येतं की टायर झिजत, कडक होत जातो तसे आपणही रोज थोडे थोडे त्याच्याशी जुळवून घेत असतो. रोज एक टक्का कमी विश्वास. म्हणून तो कधी संपला ते कळत नाही. खाचांमध्ये ते बारीक उंचवटे असतात ना, झीज दाखवणारे? तिथपर्यंत रबर आलं की टायर बदलायचाच. पण माझा टायर तिथपर्यंत कधीच आला नव्हता. तो वर होता तेव्हाच संपला होता.

ताम्हिणीला मी आता परत जाते. ते डावं वळण आलं की तळहाताला घाम येतो. गाडी छान जाते, मागचं चाक गुपचूप मागे येतं. दोन्ही टायर मिळून क्रेडिट कार्डाएवढे दोन तुकडे रस्त्याला टेकलेले असतात, बस. त्यावर मी, गाडी आणि जे कोणी मागे असेल ते. मागे कोणी नसतं.

गेल्या रविवारी ग्रुपची राइड नव्हती. मी एकटीच जायच्या तयारीत, पार्किंगमध्ये हवा तपासत होते. रूममेट दुधाची पिशवी घेऊन वर चालली होती, ती थांबली. पिशवी डाव्या हातात घेतली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मागच्या चाकाशी उकिडवी बसली. तिला कुठे बघायचं ते माहीत होतं. मी कधी दाखवलं नव्हतं.

'तेवीस चोवीस,' तिनं वाचलं.

'हो. चोवीसचा तेविसावा आठवडा.'

तिनं अंगठ्याचं नख दाबलं. चंद्रकोर उमटली. ती भरून येईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, 'दूध ठेवून येते. ग्लोव्ह्ज आहेत का दुसरे?'

ग्लोव्ह्ज होते. गेल्या सप्टेंबरपासून डिकीत पडून होते, टॅगसकट.

'पौडपर्यंतच,' ती म्हणाली.

पिरंगुटच्या उतारावर तिनं माझं जॅकेट दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं होतं. मी तीसनं चालले होते. एक डिलिव्हरीवाला स्कूटरवरून आम्हाला मागे टाकून गेला. पौडला मिसळ खाल्ली. तिनं पाव उजव्या हातानं मोडला आणि मनगट एकदा गोल फिरवून बघितलं. पुढे जायचं का, हे मी विचारलं नाही. नऊच्या आत आम्ही घरी होतो.